विद्यापीठात व्यवसाय आणि मार्केटिंग शिकवायचं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मार्केटिंग शिकवतो. त्याशिवाय नव्याने शिकवायला लागलेल्यांच्या तासांना मागच्या बाकावर जाऊन बसणं आणि तास संपल्यावर त्यांच्याशी बोलणं हेही माझं काम आहे. व्हरांड्यात उभ्याउभ्या जे प्रश्न येतात, तेच पुढे मेलवरही येतात, म्हणून ते इथे एकत्र केले. विषय येणं आणि विषय शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पदव्या मिळतात. दुसरीचं शिक्षण बहुतेकांना आपणहून मागून घ्यावं लागतं. माझं हे मत पुढच्या बऱ्याच उत्तरांत डोकावेल.

कंपनीत बारा वर्षं मार्केटिंग केलं आहे. शिकवायला आणखी काय लागतं?

अनुभव हवाच, पण तो जसाच्या तसा वर्गात चालत नाही. कंपनीत तुम्ही निर्णय घेता, वर्गात मात्र तो निर्णय घेणं दुसऱ्याला जमलं पाहिजे. किंमत वाढवायची की नाही हे तुम्ही कदाचित अर्ध्या तासात ठरवलं असेल, कारण मागच्या दहा वर्षांची विक्री डोक्यात होती. विद्यार्थ्याच्या डोक्यात ती नाही. त्याला 'अंदाज आला' म्हणून भागत नाही. तो अंदाज कशावरून आला, हे तुम्हाला उलगडून दाखवावं लागतं, आणि तिथे भले भले अडखळतात. आपल्याला सहज येणारी गोष्ट पायरी पायरीने सांगणं फार अवघड असतं.

उद्योगातून आलेल्यांची दुसरी अडचण म्हणजे किस्से. एका नव्या सहकाऱ्याच्या तासाला मी बसलो होतो. पाऊण तास नुसते किस्से, तेही उत्तम. वर्ग हसत होता, कुणीही मोबाईल काढला नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, यातून लिहून काय घ्यायचं?" सहकाऱ्याला ते फार लागलं. मुलीचं मात्र काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून उद्योगातून आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. प्रत्येक किश्शाखाली दोन ओळी लिहा: यातून कोणती संकल्पना दिसते, आणि ती संकल्पना कुठे लागू पडणार नाही. दुसरी ओळ सुचत नसेल, तर तो किस्सा अजून वर्गात नेण्याजोगा झालेला नाही.

पात्रतेचं विचाराल, तर दारं पूर्ण बंद नाहीत. एएसीएसबी ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था व्यवसाय शिक्षण देणाऱ्या संस्थांना मान्यता देते आणि पात्र प्राध्यापकांचे चार गट मानते. डॉक्टरेट असून संशोधन करणारे, डॉक्टरेट असून मुख्यतः उद्योगाशी जोडलेले, उद्योगातून येऊन अभ्यासपूर्ण लेखन करणारे, आणि उद्योगातून येऊन त्याच्याशी नातं टिकवून शिकवणारे. शेवटचे दोन गट तुमच्यासारख्यांसाठीच आहेत. फक्त 'नातं टिकवून' हे शब्द नीट वाचा. पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीचे दाखले दहा वर्षं पुरत नाहीत.

पीएच.डी. केलीच पाहिजे का?

कायमस्वरूपी, संशोधनाची अपेक्षा असलेलं पद हवं असेल तर हो. अभ्यागत म्हणून किंवा कंत्राटावर शिकवायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पदवी आणि भक्कम अनुभव चालतो.

पीएच.डी.ला एवढं महत्त्व का आलं, यामागे इतिहास आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पाठबळावर व्यवसाय शिक्षणाची झाडाझडती घेणारे दोन अहवाल आले. व्यवसाय शाळांतलं (बिझनेस स्कूलमधलं) शिक्षण फार वरवरचं आहे, विद्यार्थी आणि शिक्षक दोघांचाही दर्जा कमी आहे, संशोधनाचा पाया नाही, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र या विषयांतले लोक व्यवसाय शाळांत आले आणि संशोधनाला मान मिळाला. फायदा झाला, तसा तोटाही. शिकवण्याचं कौशल्य नेमणुकीच्या यादीत खाली सरकलं आणि बऱ्याच ठिकाणी अजून खालीच आहे.

देशागणिक नियम बदलतात. ब्रिटनमध्ये पीएच.डी. साधारण तीन ते चार वर्षांची, तीत थेट प्रबंधावर भर. अमेरिकेत सुमारे पाच वर्षं, त्यातली पहिली दोन वर्गात बसून शिकण्याची. जर्मनीत डॉक्टरेटनंतरही 'हाबिलिटेशन' नावाची आणखी एक मोठी पायरी परंपरेने होती. आता तिथे कनिष्ठ प्राध्यापकाची वाटही आहे. काही देशांत वेगळी राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. म्हणून जिथे शिकवायचं आहे तिथल्या तीन-चार विद्यापीठांच्या ताज्या जाहिराती काढा आणि 'आवश्यक पात्रता' हा भाग शब्दन् शब्द वाचा. ओळखीच्यांनी सांगितलेल्या नियमांवर वर्षं घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

डीबीए चालेल का?

डीबीए ही व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट, आणि ती बहुधा नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी आखलेली असते. पीएच.डी.त सिद्धांतात भर घालायची असते, डीबीएत प्रत्यक्ष व्यवसायातला प्रश्न संशोधनाच्या शिस्तीने सोडवायचा असतो. शिकवण्यावर भर देणाऱ्या विद्यापीठांत ती मानली जाते. संशोधनावर भर देणाऱ्या विद्यापीठात मात्र पीएच.डी.वाल्या उमेदवारापुढे ती कमी पडते. संस्थेची मान्यता तपासल्याशिवाय पैसे भरू नका. या पदवीच्या नावाने दुकान मांडून बसलेले बरेच आहेत.

पीएच.डी.त शिकवायला शिकवतात का?

थोडंसं. काही ठिकाणी अजिबात नाही.

मार्केटिंगच्या पीएच.डी.त तीन गोष्टी भरपूर मिळतात. एक, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र. दोन, ग्राहक वर्तन, मार्केटिंग स्ट्रॅटेजी किंवा परिमाणात्मक मॉडेलिंग यांपैकी एका प्रवाहात खोल वाचन. तीन, शोधनिबंध लिहिण्याची आणि नाकारला गेल्यावर पुन्हा लिहिण्याची सवय. 'जर्नल ऑफ मार्केटिंग' १९३६ पासून निघतं, 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च' १९६४ पासून, 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' १९७४ पासून. त्यांत स्थान मिळायला वर्षं लागतात, आणि पीएच.डी.चा बराचसा काळ त्याच तयारीत जातो.

शिकवण्याचा भाग येतो तो सहायक म्हणून: पेपर तपासणं, ट्यूटोरियल घेणं, सर बाहेरगावी असले की त्यांचा तास सांभाळणं. हे शिक्षण ठरतं ते कुणी तुमचा तास पाहून नंतर दोन शब्द बोललं तर. नाहीतर तो निव्वळ हमालीचा अनुभव. प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या: मला स्वतंत्रपणे एखादा विषय शिकवायला मिळेल का, आणि माझा तास पाहायला कुणी येईल का?

मार्गदर्शक कसा निवडायचा?

नाव पाहून नको. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. झालेले शेवटचे तीन विद्यार्थी आज काय करतात ते पाहा आणि त्यांना फोन करा. मसुदा दिल्यावर शेरे किती दिवसांत परत येत, एवढाच प्रश्न विचारा. बाकीचं त्या उत्तराच्या सुरावरून कळतं.

शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

पुष्कळ विद्यापीठांत नव्या प्राध्यापकांसाठी अध्यापन केंद्र असतं. काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतचे अभ्यासक्रम चालतात. ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणातल्या अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र करून 'अ‍ॅडव्हान्स एचई' या संस्थेची फेलोशिप घेण्याची पद्धत रुळली आहे. तिच्या असोसिएट, फेलो, सीनियर आणि प्रिन्सिपल अशा चार पायऱ्या आहेत.

नाव काहीही असो, अशा प्रशिक्षणात दोन-तीन गोष्टी हमखास येतात. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मांडलेली शिक्षण उद्दिष्टांची उतरंड त्यातली एक. आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं अशा चढत्या पायऱ्या. दुसरी, जॉन बिग्ज यांची मांडणी: विद्यार्थ्याला काय जमायला हवं, त्यासाठी वर्गात काय करायचं आणि परीक्षेत काय विचारायचं या तिन्ही गोष्टी एका रेषेत हव्यात. ऐकायला फारच सोपं. आता आपल्याच विषयाला लावून पाहा. अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं, 'विद्यार्थी बाजाराचं विभाजन करू शकेल', म्हणजे ग्राहकांचे सारख्या गरजांनुसार गट पाडू शकेल. वर्गात आपण विभाजनाचे चार प्रकार स्लाइडवर दाखवतो. आणि परीक्षेत विचारतो, 'बाजार विभाजनाचे प्रकार स्पष्ट करा'. विद्यार्थ्याने एकदाही, कुठल्याही बाजाराचं विभाजन केलेलं नसतं! मी स्वतः तीन वर्षं हेच करत होतो.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत नकोसा वाटणारा, भाग म्हणजे सूक्ष्म अध्यापन. दहा मिनिटांचा तास सहकाऱ्यांसमोर घ्यायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग ते बसून पाहायचं. पहिल्यांदा पाहताना माणूस आपला आवाज, हातवारे यांतच अडकतो. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा, तुम्ही वर्गाच्या कुठल्या बाजूकडे बघतच नाही ते लगेच कळेल. माझं चित्रीकरण पाहिलं तेव्हा उजवीकडच्या दोन रांगांकडे मी दहा मिनिटांत एकदाही वळलो नव्हतो.

पहिल्या तासाची तयारी किती करावी?

बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त करतात, आणि चुकीची.

माझ्या पहिल्या तासाला चौसष्ट स्लाइड्स होत्या. विषय ब्रँड पोझिशनिंग, म्हणजे स्पर्धकांच्या तुलनेत ब्रँडची वेगळी जागा ठरवणं. वेळ दोन तास. चौसष्टच्या चौसष्ट संपवल्या, घशाला कोरड पडली, समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारलं, "पोझिशनिंग कुठे असतं? कंपनीच्या कागदावर की ग्राहकाच्या डोक्यात?" साठ चेहरे माझ्याकडे बघत राहिले. आदल्या दिवशी हे वाक्य मी तीनदा म्हटलं होतं. कुणाला वेळच मिळाला नव्हता ते आत घ्यायला.

आता मी तयारी उलट्या टोकाकडून करतो. आधी कागदाच्या वर लिहितो: तास संपल्यावर विद्यार्थ्याला कोणती एक गोष्ट जमली पाहिजे. त्याखाली, ती जमली की नाही हे कळण्यासाठी शेवटच्या दहा मिनिटांत काय करून घ्यायचं. मग त्यासाठी लागेल तेवढंच सांगायचं. पन्नास मिनिटांच्या तासात बारा-पंधरा मिनिटांहून जास्त सलग बोलणं टाळतो. कागदाच्या तळाशी 'वेळ कमी पडला तर हे गाळायचं' अशी एक ओळ असते. ती ओळ नसेल, तर आपण नेमका शेवटचा, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा भाग गाळतो.

नवा विषय पहिल्यांदा शिकवताना एका तासामागे पाच-सहा तास तयारीला सहज जातात. पहिल्याच सत्रात तुमच्या गळ्यात चार वेगळे विषय मारले, तर नम्रपणे नाही म्हणा. मला ते जमलं नाही. चारही विषय मी वाईट शिकवले.

केस पद्धतीने शिकवायचं म्हणजे वर्गात चर्चा करायची, एवढंच ना?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जरा सविस्तर सांगतो.

ही पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९२० च्या दशकात रुजली. तेव्हाचे डीन वॉलेस डोनम कायद्याचे पदवीधर होते. कायद्याचे विद्यार्थी खटल्यांवरून शिकतात, तसं व्यवसायाच्या विद्यार्थ्यांनी खऱ्या प्रसंगांवरून शिकावं हा विचार. केसमध्ये एक माणूस एका निर्णयापाशी उभा असतो, माहिती अपुरी असते, वेळ कमी असतो. विद्यार्थ्याने त्याच्या खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा. चर्चा मोकळी वाटते, पण शिक्षकाने ती आधी घरी बसून आखलेली असते.

एक छोटंसं उदाहरण घेऊ. मी हे पहिल्या वर्षाच्या वर्गात वापरतो. एका वस्तूची विक्री किंमत ५०, प्रत्येक नगामागे येणारा बदलता खर्च ३०, स्थिर खर्च ६०,०००, आणि सध्या ५,००० नग विकले जातात. विक्रीप्रमुख म्हणतो, किंमत १० टक्के उतरवू, माल झपाट्याने जाईल. उतरवायची का?

हात वर करायला सांगितले की बहुतेक वर्ग 'हो' म्हणतो. मी 'हो'वाल्यांची आणि 'नाही'वाल्यांची संख्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, काही बोलत नाही. मग 'हो' म्हणणाऱ्या एकाला विचारतो, "आत्ता नफा किती?" तो हिशेब करतो: नगामागे २० उरतात, ५,००० नगांचे एक लाख, वजा साठ हजार, नफा ४०,०००. हे फळ्याच्या उजव्या बाजूला. "किंमत ४५ केली तर नगामागे किती उरतील?" पंधरा. "मग तोच ४०,००० नफा टिकवायला किती नग विकावे लागतील?" आता वर्ग शांत होतो, पेनं चालतात. एक लाख भागिले पंधरा, म्हणजे ६,६६७. किंमत उतरवली १० टक्के, आणि नुसतं होतो तिथेच राहायला विक्री ३३ टक्क्यांनी वाढवावी लागणार. मागून कुणीतरी "बाप रे" म्हणतं.

इथे थांबायचं नाही आणि बोलायचंही नाही. अजून एक गोष्ट बाहेर यायची आहे: आपण किंमत उतरवली तर प्रतिस्पर्धीही उतरवेल. हे मी सांगितलं तर ती वहीतली आणखी एक ओळ होईल. म्हणून विचारतो, "या ६,६६७ मध्ये आपण काय गृहीत धरलंय?" आणि गप्प बसतो.

ही शांतता सहन करणं हीच केस शिकवण्यातली सर्वांत अवघड गोष्ट. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, असं तिला आढळलं. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गातही माझा अनुभव तोच आहे. मी मनात पाचपर्यंत मोजतो. पहिल्या महिन्यात तीनच्या पुढे जात नव्हतो, स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचो.

फळ्याची आखणी आधी कागदावर करून घ्या. डावीकडे वर्गाची मतं, मधे पर्याय, उजवीकडे आकडे. चर्चा कितीही भरकटली तरी फळा पाहिला की आपण कुठे आहोत हे विद्यार्थ्यांना दिसतं. आणि चर्चेत कुणी चुकीचं बोललं तर लगेच दुरुस्त करू नका. "याच्याशी कोण सहमत नाही?" एवढं पुरतं. मात्र तास संपताना चुकीचा आकडा फळ्यावर तसाच राहता कामा नये, कारण विद्यार्थी फळ्याचा फोटो काढून नेतात.

चार पी अजून शिकवायचे का?

शिकवायचे, पण धर्मग्रंथासारखे नाही. 'मार्केटिंग मिक्स' ही कल्पना नील बोर्डन यांनी रुळवली, १९६० मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी ती वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसार अशा चार पींत बसवली. १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी सेवांसाठी माणसं, प्रक्रिया आणि दृश्य पुरावे असे तीन जोडले. चौकट का बदलावी लागली, हे सांगितलं की विद्यार्थ्याला ती चौकट माणसांनी बनवलेली आहे, हे कळतं. नुसती यादी पाठ करून घेतली की तो पाचवा पी शोधायला लागतो. दर वर्षी एक तरी सापडतोच!

उदाहरणं सतत नवी लागतात. कुठून आणायची?

ताजं उदाहरण हवंच असा आग्रह धरू नका. कोका-कोलाने एप्रिल १९८५ मध्ये आपल्या पेयाची चव बदलली, ही गोष्ट चाळीस वर्षं जुनी आहे. मी अजून ती शिकवतो. सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती, कौल नव्या चवीकडे होता. तरी लोक खवळले आणि ७९ दिवसांत कंपनीने जुनं पेय परत आणलं. संशोधन झालं नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. मग चुकलं काय? चाचणीत 'कुठली चव आवडली' हे विचारलं, 'जुनी कायमची गेली तर काय वाटेल' हे नीट विचारलंच गेलं नाही. बाजार संशोधनाचा अख्खा धडा या एका प्रश्नात बसतो. कालच्या व्हायरल जाहिरातीचं मात्र पुढे काय झालं, हेच अजून कुणाला माहीत नसतं, मग तिच्यावरून शिकवणार काय?

आकडेमोड कच्ची आहे. मार्केटिंगला चालेल ना?

नाही चालणार. वरच्या केसमधला हिशेब, रिग्रेशनचा (दोन किंवा अधिक गोष्टींतला संबंध आकड्यांत मांडणाऱ्या पद्धतीचा) तक्ता वाचणं, नमुना पुरेसा आहे की नाही हे ओळखणं, एवढं तरी हातातलं हवं. पीएच.डी.ला बसण्याआधी सहा महिने संख्याशास्त्राला द्या.

पेपर तपासण्याचं कुणी शिकवत नाही. कसं करायचं?

पहिले दहा पेपर वाचा, गुण देऊ नका. मग निकष लिहा, प्रत्येक निकषाला किती गुण ते ठरवा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. एकेक विद्यार्थ्याचा पूर्ण पेपर तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जा. पहिल्या उत्तराचा रंग दुसऱ्यावर चढत नाही. मार्केटिंगच्या उत्तरांत एक खास सापळा असतो, तो म्हणजे झकास भाषा. 'ग्राहककेंद्री मूल्यनिर्मिती' असलं काही वाचलं की हात आपोआप गुण द्यायला जातो. अशा प्रत्येक वाक्यापाशी समासात 'म्हणजे काय करायचं?' असं लिहा आणि उत्तरात ते पुढे सापडतं का बघा.

विद्यार्थी आता मार्केटिंग प्लॅन एआयकडून लिहून आणतात. काय करावं?

पकडत बसू नका. मी घरी लिहून आणायच्या प्लॅनचे गुण कमी केले आणि त्यावरच्या दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेचे वाढवले. "पृष्ठ चारवर जाहिरातीचं बजेट निम्मं केलं, तर प्लॅनमधलं सर्वांत आधी काय काढशील?" ज्याने विचार केलाय तो लगेच वाद घालायला लागतो. दुसरा पानं उलटत बसतो. वर्ग मोठा असेल तर हे सगळ्यांशी जमत नाही, मग गटवार घ्या, पण प्रश्न गटातल्या कुणालाही विचारता येईल हे आधी सांगून ठेवा.

विद्यार्थ्यांचा फीडबॅक वाईट आला. माझं शिकवणं वाईट आहे का?

असेलही, नसेलही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक गमतीदार प्रयोग आहे. 'डॉक्टर फॉक्स' या नावाने एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभं केलं आणि परस्परविरोधी, अर्थहीन विधानांनी भरलेलं व्याख्यान आत्मविश्वासाने, विनोद करत द्यायला लावलं. श्रोते उच्चशिक्षित. त्यांनी त्याला चांगले गुण दिले! आम्ही मार्केटिंगवाल्यांनी तर हा प्रयोग भिंतीवर लावून ठेवावा, आमच्यात डॉक्टर फॉक्स होण्याचा धोका जास्त.

उलटही होतं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत असं दिसलं, की स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांना जास्त शिकल्यासारखं वाटत होतं. म्हणून केस पद्धत सुरू केल्याच्या पहिल्या सत्रात फीडबॅक घसरला तर घाबरू नका. असं का शिकवतो आहोत, हे पहिल्याच तासाला वर्गाला सांगून टाका. शिवाय शिक्षक स्त्री असेल तर तेच काम करूनही गुण कमी मिळतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. आकड्यापेक्षा लिहिलेले शेरे वाचा, आणि सत्र संपण्याची वाट न पाहता चौथ्या आठवड्यात स्वतःच एक चिठ्ठी वाटा: काय चालू ठेवू, काय बंद करू? 'फळ्यावरचं मागून दिसत नाही' हा शेरा तेव्हा मिळाला तर उपयोग. सत्रानंतर मिळाला तर फक्त खंत.

मी बुजरा आहे. जमेल का?

जमेल. चांगलं ऐकणारी माणसं केस शिकवण्यात बडबड्यांपेक्षा बरी ठरतात.

निवडीच्या वेळी नमुना तास घ्यायला लावतात. त्यात काय बघतात?

संशोधनप्रधान विद्यापीठात आधी तुमच्या संशोधनावरचं सादरीकरण असतं आणि बराचसा निर्णय तिथेच होतो. शिकवण्यावर भर देणाऱ्या ठिकाणी नमुना तासाला वजन. निवड समितीत मी बसलो आहे, त्यामुळे एवढं सांगू शकतो: वीस मिनिटांत अख्खा धडा कोंबणारे उमेदवार पहिल्या पाच मिनिटांतच हातचे जातात. एकच संकल्पना घ्या, समितीतल्या लोकांना विद्यार्थी समजून एक खरा प्रश्न विचारा, आणि आलेल्या उत्तरावरून पुढे जा. ठरलेल्या उत्तराची वाट बघू नका. एका उमेदवाराला समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. तो क्षणभर गडबडला, मग म्हणाला, "मॅडम, हे कुठून आलं ते सांगता का?" नेमणूक त्याचीच झाली.

शिकवण्याची फाईलही लागते: तुम्ही आखलेला अभ्यासक्रम, एखादी प्रश्नपत्रिका तिच्या गुणदानाच्या निकषांसह, विद्यार्थ्याचं नाव झाकलेला एखादा तपासलेला पेपर, आणि तास पाहिलेल्या कुणाचा अभिप्राय. 'माझं अध्यापन तत्त्वज्ञान' या नावाचं पानही मागतात. तिथे थोर वाक्यं लिहिण्यापेक्षा, एखादा तास फसल्यावर पुढच्या वेळी तुम्ही त्यात काय बदललं, ते लिहा.

चाळिशी उलटली आहे. उशीर झाला का?

वर्गासाठी नाही. पीएच.डी. करून संशोधनाच्या वाटेवर वर चढायचं असेल तर वर्षांचा हिशेब मांडा: पदवीला चार-पाच, कायम होण्याच्या वाटेवर पुढे आणखी पाच-सहा. त्या काळात मिळकत आत्तापेक्षा कमी असेल. घरच्यांशी हा हिशेब आधी बोला.

अजून कुठेच नेमणूक नाही. सराव कुठे करू?

एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकाला एक तास मागा, आणि बदल्यात त्यांचे पन्नास पेपर तपासून द्या. हा सौदा सहसा कुणी नाकारत नाही. तासाला एखाद्या मित्राला मागच्या बाकावर बसवा आणि त्याला एकच काम सांगा: तुम्ही प्रश्न विचारल्यानंतर किती सेकंदांनी स्वतःच बोलायला लागता, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. तो कागद पुढच्या तासाआधी काढून वाचा.